माया राहू द्या, मजुरीचं बोला

हाताने शिवलेल्या बाहुलीचा फोटो कुणी टाकला की खाली काय काय येणार, हे न बघता सांगता येतं. ‘किती गोड!’ ‘आजीची आठवण आली.’ ‘यात माया आहे, मशीनला नाही जमायचं.’ बदामांची रांग लागते. मग कुणीतरी किंमत विचारतं. उत्तर येतं, साडेसहाशे. आणि मायेचा पूर झर्रकन ओसरतो. ‘चिंध्यांच्या बाहुलीचे साडेसहाशे?’

या शेवटच्या प्रश्नाचा राग येणं सोपं आहे. मला मात्र तो प्रश्न प्रामाणिक वाटतो. विचारणाऱ्याला वस्तू महाग वाटते, तो तसं बोलतो आणि पुढे स्क्रोल करतो. माझं भांडण आधीच्या कौतुकाशी आहे, कारण त्या कौतुकानेच या प्रश्नाची तयारी करून ठेवलेली असते. एखाद्या कामाला ‘माया’ म्हटलं की ते मोजायचं नसतं. मायेला तास नसतात, दर नसतो, ओव्हरटाइम नसतो. आईने आजवर किती पोळ्या लाटल्या याचा हिशेब आपण ठेवत नाही, तसा बाहुलीत किती टाके पडले याचाही ठेवत नाही. आणि जे कधी मोजलंच नाही त्याचे पैसे मागितले की मागणारीच हावरट ठरते.

म्हणून थेट सांगते. माती आणि चिंध्यांच्या बाहुल्यांचं सध्या जे गोडगोड कौतुक चाललंय, ते त्या करणाऱ्या बायकांच्या तोंडाला पानं पुसण्याचा प्रकार आहे. कौतुक करणाऱ्यांच्या मनात तसं नसेलही. परिणाम तोच होतो.

आधी हिशेब

वीतभर उंचीची एक बाहुली घ्या. डोकं मातीचं, अंग चिंध्यांचं, नेसूचं जुन्या सुती साडीच्या काठाचं.

माती चाळायची, भिजवायची, तिच्यात थोडा कापूस पिंजून मिसळायचा आणि लोण्यासारखी होईपर्यंत मळायची. कापसाचे तंतू मातीला धरून ठेवतात, वाळताना तडे कमी जातात. डोकं घडवताना मान खाली जरा रुंद ठेवावी लागते आणि तिच्याभोवती खाच पाडावी लागते. याच खाचेत दोरा आवळून कापडाचं धड बांधलं जातं. खाच उथळ राहिली तर चार दिवसांत मुंडकं हातात येतं. मग डोकं सावलीत वाळवायचं. घाईने उन्हात ठेवलं की नाकापासून हनुवटीपर्यंत भेग ठरलेली. वाळण्याचे दिवस सोडून देऊ, नुसत्या हातकामाचे दोन तास धरू.

आता चिंध्या. ‘त्या तर फुकट मिळतात’ असं म्हणणाऱ्याने शिंप्याकडचं कात्रणांचं एक गाठोडं घरी आणून सोडून बघावं. अस्तराचे तुकडे, कॅनव्हास, नायलॉन, जरीच्या टोचणाऱ्या पट्ट्या आणि त्यात कुठेतरी कामाचं सुती कापड. ते निवडायचं, रंग जातो का ते बघायला ओलं करायचं, धुवायचं, इस्त्री करायची. एक तास.

अंग शिवताना कापडाची उलटी बाजू वर घेऊन बारीक टीप घालायची, मग सगळं उलटवायचं. करंगळीएवढा हात उलटवणं हे नखं आणि संयम दोन्हींची परीक्षा बघणारं काम आहे. टाका सैल असेल तर कापूस भरताना शिवण उसवते. कापूस कमी भरला तर बाहुली मान टाकते, जास्त भरला तर दगड होते. चार तास. चोळी, नऊवारी, काठाचं हेम यांचे तीन. काळ्या दोऱ्याचे केस, अंबाडा, चेहऱ्याचा रंग, डोळे, कुंकू यांचे दोन. बेरीज बारा तास. आठ तासांचा दिवस धरला तर दीड दिवस.

दर कुठला लावायचा? महाराष्ट्रातला सगळ्यात ओळखीचा दर घेऊ. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीच्या कामाची आपल्या राज्यातली मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. दीड दिवसाचे होतात साधारण ४४५. दोरा, कापूस, रंग, सुया यांचे ऐंशी धरा. सव्वापाचशेच्या घरात गेलो. यात कौशल्याचा एक पैसा नाही. तडकून गेलेल्या डोक्यांचा खर्च नाही, वीज नाही, खोके नाही, कुरिअर नाही, फोटो काढून चाळीस लोकांना ‘अव्हेलेबल आहे का?’ची उत्तरं देण्याचा वेळ नाही.

म्हणजे साडेसहाशे मागणारी बाई रोजगार हमीच्या दरापेक्षा जेमतेम चार पावलं पुढे आहे. चारशेला विकणारी खड्डा खणणाऱ्या मजुराहून स्वस्तात आपलं कसब देते आहे. माती खणायला आपण दर ठरवला, १९७७ साली त्याचा कायदा केला. त्याच मातीला नाक-डोळे द्यायला मात्र दर नाही.

कुंभाराचा वाटा होता, सुईचा नव्हता

हे काही इन्स्टाग्रामने बिघडवलेलं नाही. दुखणं जुनं आहे.

आपल्याकडे लाकडाची ठकी होती, ती सुताराकडची. पोळ्याचे मातीचे बैल, विदर्भातल्या भुलाबाईची मूर्ती ही कुंभाराकडची. सुतार आणि कुंभार दोघेही बारा बलुतेदारांत. सुगीला त्यांच्या नावाचं धान्य निघायचं. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त या देण्याघेण्याचं वर्णन आहे. बलुतेदारी काही न्यायाचं राज्य नव्हती. जात पक्की होती आणि वाटा देणाऱ्याच्या मर्जीवर होता. पण एक गोष्ट तिने मान्य केली होती, की हे काम आहे आणि कामाचं काहीतरी द्यावं लागतं. शिंप्याचंसुद्धा नाव गावाच्या यादीत कुठेतरी लागायचं.

चिंधीची बाहुली कुठल्या यादीत होती? कुठल्याच नाही. ती घरात व्हायची, घरातली बाई करायची, घरातल्या पोरीसाठी करायची. तिला वाटा नव्हता, कारण ती व्यवहारात आलीच नव्हती. यात वाईट काही नव्हतं. आईने पोरीला बाहुली शिवून दिली, त्याचं बिल कशाला?

घोटाळा पुढे झाला. बाहुली घराबाहेर पडली, प्रदर्शनात गेली, ऑनलाइन दुकानात गेली, तिच्यावर किमतीची चिठ्ठी लागली. पण तिच्या मागचा हिशेब घरातलाच राहिला. वस्तू बाजाराची आणि मजुरी माहेरची! एकाच बाहुलीत मातीचं डोकं कुंभाराकडून विकत आणलं तर त्याचे पैसे बिनबोभाट दिले जातात. त्या डोक्याखालचं चार तासांचं अंग मात्र ‘तुम्ही तर घरीच करता’ या खात्यात जातं. आणि खुद्द कुंभाराच्या घरी माती मळणारी, रंग देणारी बाई असते, तिचं नाव तिथेही नसतं.

जॉर्ज बर्डवूड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० मध्ये भारतातल्या कलाकुसरीवर मोठा ग्रंथ काढला. मलमल, रेशीम आणि टिकल्यांनी सजवलेल्या मातीच्या छोट्या आकृत्यांचं त्यात कौतुक आहे आणि त्या घडवणाऱ्या ठिकाणांत कृष्णनगर, कलकत्ता, लखनौ यांच्या जोडीला आपलं पुणंही आहे. माती आणि कापड एकत्र आणणारी बाहुली म्हणजे आजच्या वर्कशॉपवाल्यांचा शोध नव्हे, हे यातून कळतं. आणखीही एक कळतं. कौतुक तेव्हाही गावाच्या नावाने व्हायचं. पुण्याच्या आकृत्या, कृष्णनगरच्या बाहुल्या. हात कुणाचे, हा प्रश्न मागे राहायचा. आजच्या रीलमध्ये तरी वेगळं काय दिसतं? कॅमेरा बोटांवर असतो. सुई, दोरा, सुरकुतलेली बोटं, मागे बासरी. चेहरा फ्रेमच्या बाहेर. खाली ब्रँडचं नाव आणि ‘मेड विथ लव्ह’.

फावला वेळ नावाची गंमत

‘पण त्या हे फावल्या वेळात करतात ना?’ हे वाक्य फार समजूतदार आवाजात बोललं जातं. मग या फावल्या वेळाचंही बघू.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. ही कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. पाच तास विरुद्ध दीड-पावणेदोन तास. शिवाय अशी कामं करणाऱ्या पुरुषांची संख्याच मुळात कमी. तेव्हा दुपारी दोन ते चारमध्ये सुई हातात घेणाऱ्या बाईचा तो वेळ फावला नसतो. भांडी आणि संध्याकाळचा चहा यांच्यामधून तिने तो ओढून काढलेला असतो. ती झोपू शकली असती. आपल्याला हवी असलेली वस्तू करण्यासाठी तिने झोप दिली, आणि आपण म्हणतो की तिला वेळच वेळ आहे.

गेल्या दिवाळीआधी एका प्रदर्शनात मी एका स्टॉलपाशी उभी होते. मातीच्या चेहऱ्यांच्या, चिंध्यांच्या बाहुल्या मांडलेल्या. माझ्याच वयाच्या एका मुलीने वासुदेवाची बाहुली उचलली. मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या.

“काकू, केवढ्याला?”

“सातशे.”

“काकू, जरा बघा ना. घरीच तर बनवता.”

काकू ओशाळल्यासारख्या हसल्या. “बरं, पाचशे द्या. तुम्हाला आवडली ना, बास.”

दोनशे रुपये गेले ते एका शब्दाने, ‘घरीच’. त्या मुलीच्या हातात नामवंत साखळी कॅफेचा कॉफीचा ग्लास होता. तिथे तिने ‘दूध तर घरीच तापवता’ असं म्हटलं नसणार. मला जास्त टोचलं ते काकूंचं उत्तर. ‘तुम्हाला आवडली ना, बास.’ आपलं काम म्हणजे आपली हौस, हे तिला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की आता ती स्वतःच स्वतःला ऐकवते.

‘छंद’ या शब्दाचं बिल

कुणी म्हणेल, शब्दांवरून एवढं काय? माया म्हटलं काय, छंद म्हटलं काय. तर या शब्दांना कायद्यात वजन आहे.

केंद्र सरकारने २०२० मध्ये खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. हेतू रास्त आहे. पोराच्या तोंडात जाणाऱ्या रंगात शिसं नको, सहज निखळणारं बटण नको. पण घरात महिन्याला वीस बाहुल्या शिवणारी बाई प्रयोगशाळेच्या चाचण्या कुठून करणार? म्हणून आदेशात सूट ठेवली गेली. ज्या वस्तूला भौगोलिक मानांकन आहे तिच्या नोंदणीकृत उत्पादकांना, आणि विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्या कार्यालयाकडे कारागीर म्हणून नोंद असलेल्यांना.

आता या दोन दारांसमोर चिंधीची बाहुली उभी करा. पहिलं दार बंद. तंजावर, चन्नपट्टण, कोंडापल्ली यांच्या खेळण्यांना मानांकन मिळालं, कारण ती एका गावाची आहेत. चिंधीची बाहुली घराघरातली. जी सगळ्यांची ती कुणाचीच नाही. उरलं दुसरं दार. तिथे ‘मी कारागीर आहे’ असं सांगून ‘पहचान’ नावाचं ओळखपत्र घ्यावं लागतं. जिला आयुष्यभर ‘छान छंद आहे हो तुमचा’ ऐकवलं, ती त्या दारापर्यंत जाईल कशी? आणि नाही गेली, तर तिची बाहुली खेळणं म्हणून विकता येत नाही. मग ‘शोपीस’ म्हणून विकायची. म्हणजे बाईची मजुरी गेली आणि वर पोरीच्या हातातली बाहुलीही काचेच्या कपाटात गेली.

कामाला काम म्हणवून घेण्यासाठी किती झगडावं लागतं, याचा दाखला शेजारच्या गुजरातेत आहे. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’ सुरू केली, तेव्हा कामगार खात्याने संघटना म्हणून नोंद करायला आढेवेढे घेतले. या बायकांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? घरी बसून शिवणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायका कामगार आहेत हे तेव्हा भांडून पटवावं लागलं. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा करार व्हायला १९९६ साल उजाडलं. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

उलट बाजूचं एक उदाहरण. १९१५ साली, म्हणजे इकडे ‘गावगाडा’ छापला गेला त्याच वर्षी, अमेरिकेत जॉनी ग्रुएल या चित्रकाराने एका चिंधीच्या बाहुलीच्या डिझाइनचं पेटंट घेतलं. तीच पुढे ‘रॅगेडी अॅन’ म्हणून घरोघरी पोचली, तिच्या गोष्टींची पुस्तकं निघाली. चिंधी तिकडचीही चिंधीच होती. फरक एवढाच, की त्याने तिला माया न म्हणता डिझाइन म्हटलं आणि तसा कागद केला.

आपल्याकडेही असं घडू शकतं. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या रमेश आणि शांती परमार या जोडप्याला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती कापडी आदिवासी बाहुल्यांसाठीच. आनंद आहे. पण लगेच ‘बघा, कलेची कदर होते’ असं म्हणून मोकळं होऊ नका. पुरस्कार दोघांना मिळतो. दर सगळ्यांना लागतो.

ठरलेले आक्षेप

‘हस्तकला सगळ्यांना परवडायला हवी.’ का बरं? चिंधीची बाहुली स्वस्त होती, कारण ती विकत घ्यायचीच नव्हती. खरंच परवडत नसेल तर जुना कुर्ता घ्या, कात्री घ्या, स्वतः शिवा. ही या कलेची सगळ्यात सुंदर सोय आहे, ती कुणीही वापरावी. पहिला हात उलटवताना शिवण उसवली की साडेसहाशे का, हे आपोआप कळेल. दुसऱ्या बाईच्या दीड दिवसावर मात्र आपली हौस स्वस्तात भागवू नका.

‘पैसे आले की प्रेम जातं.’ मैफलीचं तिकीट काढताना गाण्यातलं प्रेम गेल्याची तक्रार मी कधी ऐकली नाही. उलट पैसे वेळेवर मिळणाऱ्या हाताला बाहुलीचं नाक पुन्हा एकदा नीट करायला सवड मिळते.

‘बाजारात दीडशेला मिळते की.’ मिळते. साच्यात ओतलेली, हजारोंनी निघणारी. ती घ्या, त्यात पाप नाही. मात्र ती घेताना जो हिशेब लावला तो हातकामाला लावू नका. बारा तास आणि बारा सेकंद एका तराजूत बसत नाहीत.

‘बायकांनाच हौस असते, त्या स्वतःच कमी सांगतात.’ हे खरं आहे, आणि म्हणूनच यातला अर्धा वाद मला त्यांच्याशीही घालायचा आहे. काकू, ताई, मावशी, ‘दोरा-कापसाचे द्या फक्त’ म्हणू नका. तुम्ही एकटीने दिलेली ही सूट तुमच्यापुरती राहत नाही. तुमच्या शेजारच्या स्टॉलवर जी बसली आहे, जिच्या घरात याच पैशांवर गॅस येतो, तिचा दर तुम्ही पाडता.

मग करायचं काय?

फार मोठं काही नाही. बाहुलीला चिठ्ठी लावाल तिथे करणारीचं नाव लिहा, पूर्ण नाव. मातीकाम एकीचं आणि शिवण दुसरीचं असेल तर दोन नावं. त्याखाली तास लिहा. ‘१२ तास’ हे दोन शब्द ‘मेड विथ लव्ह’पेक्षा जास्त बोलतात. ब्रँड चालवत असाल तर विक्रीच्या किमतीतले किती करणारीला गेले, तेही लिहा. लिहायला लाज वाटत असेल तर आकडा बदला.

रील करत असाल तर कॅमेरा बोटांवरून जरा वर न्या. चेहरा दाखवा, तिची हरकत नसेल तर. तिला बोलू द्या.

ऑर्डर देत असाल तर अर्धे पैसे आधी द्या. घरात कुणी शिवत असेल तर तिच्यासोबत बसून पहचान कार्डाचा अर्ज भरा. ऑनलाइन फॉर्म भरण्यात आपल्या पिढीचा हात कुणी धरणार नाही, निदान तो तरी कामी येऊ द्या. आणि तिची ओळख करून देताना ‘आमच्या आईला बाहुल्यांचा छंद आहे’ असं म्हणू नका. ‘आमची आई बाहुल्या करते’ म्हणा. सुतार लाकडाचं करतो, कुंभार मातीचं करतो, आई बाहुल्या करते.

कौतुक बंद करा असं मी म्हणत नाही. बाहुली गोड असेल तर गोड म्हणा. फक्त त्याआधी एक प्रश्न विचारा: “किती वेळ लागला हो?” उत्तर नीट ऐका, मनात गुणाकार करा, आणि मग किंमत महाग वाटते का ते बघा.